अक्काची परत मिळालेली रजा

आज सकाळी अक्का गेली.

माझी थोरली बहीण. वय एक्याण्णव. मला तिनेच वाढवलं, कारण अम्मा माझ्या जन्माच्या वेळीच गेली आणि अप्पांना पॅरॅलिसिस होता.

१९५५च्या सुमाराची गोष्ट आहे. कुंभकोणमच्या एका छापखान्यात अक्का बाइंडिंगला होती. मी सात वर्षांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जन्मापासून.

मद्रासला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. त्यासाठी अक्काने वर्षभर एकही रजा घेतली नव्हती. सगळे बारा दिवस शिल्लक.

मग वादळ आलं. छापखान्याची कौलं उडाली, मोटर भिजली. दहा दिवस गेट बंद.

गेट उघडलं तेव्हा नोटीस लागली होती : बंदचे दहा दिवस प्रत्येकाच्या वार्षिक रजेतून कापले आहेत.

अक्का मला हाताला धरून मालकांकडे गेली. त्यांना सगळे 'अय्या' म्हणायचे.

"अय्या, गेट तुम्ही बंद केलंत. आम्ही रोज येऊन परत जात होतो. ही रजा कशी?"

"वादळ मी आणलं का, अम्मा?" मालक म्हणाले.

"मी पण नाही आणलं."

मालक वाईट नव्हते. माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले असणार, कारण आवाज खाली आला. "तुझी रजा परत देतो. फक्त तुझी. बाहेर बोलायचं नाही."

अक्काने माझा हात दुसऱ्या हातात घेतला.

मग म्हणाली, "बरं."

मी घरापर्यंत उड्या मारत आले. तिचा हात मला सारखा मागे ओढत होता.

ऑपरेशन झालं. मी पट्टी बांधून पडलेली, ती खाटेशेजारी जमिनीवर.

एका दुपारी आमच्या घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "कमलाने रजा बाळंतपणासाठी ठेवली होती गं. रोज मजला आपल्या डब्यातलं वाढती. तिला कसं सांगू?"

कमला तिच्या शेजारी बसून पुस्तकं शिवायची. सातवा महिना होता.

परतल्यावर पहिल्याच दिवशी अक्काने सगळं सांगितलं. कमलाला, आणि मग सगळ्या बाइंडिंगला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका ऑफिसच्या दारात.

मालक भडकले. "तू शब्द दिला होतास!"

"हो अय्या. मोडला. माझी चूक. पण यांची रजा द्या."

तीन दिवस कोणी सुईला हात लावला नाही. चौथ्या दिवशी सगळ्यांना रजा परत मिळाली. कमला साक्कोट्टैला माहेरी गेली, तिला मुलगी झाली.

पोंगलनंतर अक्काला कामावरून कमी केलं. पुढे ती शिवण शिकवायला लागली, आणि आयुष्यभर तेच केलं.

ही गोष्ट ती कधी अभिमानाने सांगायची नाही. "पहिल्यांदा गप्प बसले ना मी," एवढंच म्हणायची.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये मी तिला म्हटलं, "अक्का, तेव्हा तू मालकांना नाही म्हणाली असतीस, तर मी जन्मभर तुझ्याशी बोलले नसते."

"खरंच?"

"खरंच. सात वर्षांची होते मी. मला दिसायला हवं होतं."

ती हसली. खूप दिवसांनी एवढी हसली. मग माझा हात पोटावर घेऊन झोपली.

अक्का, नीट जा.

तुझ्या धाकटीचा नमस्कार.