लिंबू-मिरचीचं वजन

हातात येईल ती वस्तू काका आधी तळहातावर तोलायचे. चहाचा कप, माझी चप्पल, काकूंची सांडशी. मग विचारायचे, "यात फुकटचं वजन किती हाय, सांग?"

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात काकांच्या आणि माझ्या घराची भिंत एक होती. नव्या राजधानीत नोकरी लागली म्हणून मी नागपूरहून आलो होतो. काका रेल्वेत नकाशे काढून निवृत्त झाले होते आणि आता अंगणात शर्यतीची गाडी बांधत होते. जुन्या काळातली असायची तशी: लांब नाक, उघडी चाकं, पाठीमागे इंजिन. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ठोकून वळवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. जिथे जोर येत नाही तिथे ते भोकं पाडून वजन काढत. त्या भरात एकदा काकूंच्या पळीच्या दांड्यालाही भोकं पडली.

"पहिली चक्कर तुझी," असं ते काकूंना सुरुवातीपासून सांगत. सांगाडा उभा राहिला तेव्हा काकू पदर खोचून आल्या. "अन् मी बसू कुठी?"

सीट एकच होती. शर्यतीच्या गाडीला एकच असते. काकांचा चेहरा असा पडला की मला हसू दाबावं लागलं.

काकू खोचलेला पदर सोडून आत गेल्या, आणि तेच काकांना लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सांगाडा मधोमध कापला. रुंद केला, पेट्रोलची टाकी हलवली, सगळा तोल नव्याने मांडला. त्यात वर्ष गेलं.

"काका, वजन वाढलं की!" मी चिडवलं.

"वाढलं. पण फुकटचं नोहे, बावा."

शहराबाहेर वसत असलेल्या नव्या रायपुरात तेव्हा घरांच्या आधी रस्ते झाले होते. एका रविवारी सकाळी गाडी टेम्पोत घालून तिकडे नेली. काकू तिच्या नाकावर लिंबू-मिरची टांगू लागल्या.

"काहून टांगून राहिली? वजन वाढते ना!"

काकूंनी ती मुठीत धरली आणि बसल्या. मुठीतलं वजन गाडीला कसं लागत नाही, ते मला विचारू नका. "हळू चालवा ना जी!" असं ओरडत गेलेल्या काकू परत आल्यावर म्हणाल्या, "अजून एक चक्कर." मला त्या दोघांचा हेवा वाटला.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. इंजिन जाम होऊ नये म्हणून मी अधूनमधून गाडी काढतो. काकू शेजारी बसतात, मुठीत लिंबू-मिरची घेऊन.

परवा मी म्हटलं, "काकू, आता टांगा ना समोर. कोण बोलणार आहे?"

"नाही रे," काकू म्हणाल्या, "वजन वाढते."