चौथ्या मजल्यावर अंड्यांचा गेम: नांदेड ते लातूर, व्हाया कंधार

नांदेड-लातूर हा काही कुणी फिरायला म्हणून निवडावा असा रस्ता नाही. मीही निवडला नव्हता. पण एका दुपारी दाजींचा, म्हणजे माझ्या अक्काच्या यजमानांचा, लातूरहून फोन आला. "सुधाकर, तुझी अक्का औसा रोडला पत्र्याची खोली बघून आली. एकटीसाठी. माझं तर काय ऐकून नाही राहिली." त्याच संध्याकाळी मी नांदेडच्या घरी स्टूल लावून माळ्यावर चढलो आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कम्प्युटर खाली काढला.

आता थोडं मागं जावं लागेल. भूकंप झाला तेव्हा आम्ही लातूरलाच होतो. मी पाचवीत, अक्का आठवीत. आमच्या घरात कुणाला लागलं नाही, एक भिंत तेवढी तडकली. सगळी गल्ली कित्येक आठवडे बाहेर झोपत होती. मग एकेक घर आत गेलं, अक्का मात्र गेली नाही. शेवटी ती अंगणाला लागून असलेल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत आली, ती गेमसाठी. मामांनी हैदराबादहून एक जुना कम्प्युटर आणला होता. नुसता कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून गेम भरायचा. भरताना कॅसेट अशी किंचाळायची की शेजारी भांडायला यायचे. त्या किंचाळण्यावरून गेम नीट भरतोय की नाही हे एकट्या अक्काला कळायचं. मी आतून मुद्दाम चुका करायचो, ती अंगणातून ओरडायची, आणि एक दिवस वैतागून आत आली.

पत्र्याखाली आली, स्लॅबखाली मात्र कधीच नाही. पुढं तिची बारावी आली, लातूरभर क्लासेस उगवले आणि आमचा कम्प्युटर माळ्यावर गेला, पुढं माझ्याबरोबर नांदेडला आला. आज अक्का तिथल्याच एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. तिची बॅच मागच्या पत्र्याच्या शेडमध्येच भरते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या जुन्या जागेवर आता इमारत झाली आहे. त्यात अक्का-दाजींचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. सध्या दोघं मागं उरलेल्या दोन पत्र्याच्या खोल्यांत राहतात, पण त्या आता पार्किंगसाठी पडणार. म्हणजे अक्का वर गेली नाही, तर वीस वर्षांचा संसार दोन ठिकाणी होणार. मी ठरवलं, तिला एकदा वर न्यायचंच.

नांदेडात टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलून घेतला. जुना वितळून डिंकासारखा झाला होता. कॅसेट होती कंधारला, आमचा आतेभाऊ गजानन याच्याकडे. सकाळची एसटी धरली. तुम्ही या बाजूला आलात तर कंधारचा किल्ला ऊन चढायच्या आत बघा, आत सावली कमी आहे. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. मी किल्ला बाहेरूनच पाहिला आणि गजाननच्या खताच्या दुकानात गेलो.

"कॅसेट हाय की," तो म्हणाला. "पण दुसऱ्या बाजूला मी केमिस्ट्रीच्या सरांचं लेक्चर भरलंय बघ. बारावीला असताना."

"आणि पहिली बाजू?"

"तिला हात न्हाई लावला. अक्कानं जित्ता ठेवला असता का मला?"

कंधारहून परत लोह्याला येऊन लातूरची गाडी पकडली. रस्ता पूर्वीच्या मानानं झकास झालाय, तरी उभ्यानं प्रवासाची तयारी ठेवा. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं गाडी भरलेलीच असते. शेजारच्या बाई मुलाला क्लासला सोडायला निघाल्या होत्या. पायाशी पत्र्याची पेटी, मांडीवर लोणच्याची बरणी. माझ्या मांडीवरच्या बोचक्याकडं बघून त्यांनी विचारलं, "काय हाय ह्यात?"

"कम्प्युटर. गेम खेळायचा."

"लातूरला गेम नेऊन राहिलात? तिथं तर पोरांचे मोबाईल पण काढून घेत्यात."

अहमदपूरला गाडी थोडी थांबते. स्टँडवर गरम भजी मिळतात, मिरची मागून घ्या. चहा गोड असतो, त्याला इलाज नाही.

लातूरला पोचलो तेव्हा अक्का खोलीसमोर खुर्ची टाकून उत्तरपत्रिका तपासत होती. बोचकं बघितलं आणि हसलीच. "तुझ्या दाजीनं बोलावलं ना तुला? लहानपणीची युक्ती परत करणार व्हय? मी काय आठवीत हाय का?"

माझा बेत पहिल्याच मिनिटाला पाण्यात गेला. मग लपवायचं काय? मी सरळ म्हणालो, "हो, त्यासाठीच आलोय. तू नाही आलीस तर एकटा खेळेन." आणि दाजींना घेऊन वर गेलो.

फ्लॅट चांगला आहे, हवेशीर. टीव्हीच्या मागं अँटेनाची खाच होती, नशीब. सगळं जोडलं, खिडकी उघडली, कॅसेट लावली. किंचाळणं सुरू झालं, पडद्याच्या कडेनं पट्टे धावले आणि शेवटी सगळं गोठलं. परत लावली, परत तेच. खरं सांगतो, मी नाटक करत नव्हतो. इतक्या लांब येऊन गेम भरत नाही म्हटल्यावर मला रडायला येत होतं.

खालून आवाज आला. "आवाज कमी कर रे!"

कमी केला. तरी गोठलं.

"आता लई कमी झाला. अन् टेपचं हेड तिरकं हाय, स्क्रू फिरव."

"कुठला स्क्रू?"

मग जिन्यात चपला वाजल्या. लिफ्ट असून ती जिन्यानं येत होती. प्रत्येक मजल्यावर चपला थांबायच्या. दाजी दाराकडं निघाले, मी त्यांना हात धरून बसवलं. तिसऱ्या मजल्यावर चपला इतका वेळ थांबल्या की ती परत गेली असं मला वाटलं.

मग ती दारात उभी दिसली, घामाघूम. "कळतंय मला सगळं," ती म्हणाली. "पण आवाज चुकलेला मला ऐकवत न्हाई. पेचकस दे."

टेपला कान लावून तिनं तो बारीकसा स्क्रू फिरवला. किंचाळणं धारदार झालं. "हां. आता कुणी हलू नका." आम्ही तिघं फरशीवर दगडासारखे बसलो. तेवढ्यात खालून पाण्याचा भरलेला टँकर गेला आणि फरशी थरथरली. अगदी थोडी, पण अक्काला तेवढी पुरे होती. तिनं माझं मनगट धरलं, नखं रुतली. चेहरा पांढराफटक. पण उठली तर टेपला धक्का लागणार होता. ती उठली नाही. पट्टे धावत राहिले आणि पडद्यावर कोंबड्या आल्या.

वरून कोंबड्या अंडी टाकतात, खाली टोपलीत झेलायची. एवढाच गेम. अक्का दिवेलागणीपर्यंत खेळली, मला एकदाही जिंकू दिलं नाही. दाजी मागं बसून अंडी मोजत होते. मग ती उठली, पेचकस माझ्या हातात दिला आणि झोपायला खाली पत्र्याच्या खोलीत गेली.

वाईट वाटलं, खोटं का बोलू. दुसऱ्या दिवशी कम्प्युटर तिथंच ठेवून निघालो. मोकळ्या हातानं प्रवास सोपा होतो, पण नांदेड येईपर्यंत तोंडाला चव नव्हती. एका गेमनं तीस वर्षांची भीती जाईल असं धरून चाललो होतो. बायकोनं काय झालं विचारलं, तर म्हणालो, अक्का वर आली होती. एवढंच सांगण्यासारखं होतं.

पंधरवड्यानंतर, मी दाढी करत असताना अक्काचा फोन आला. भयंकर चिडलेली.

"तुझ्या दाजीला जरा समजावून सांग. बिल्डरशी बोला म्हणावं. सकाळी चौथ्या मजल्यावर पाणी लई बारीक येतंय. मी अंघोळ कधी करू अन् क्लासला कधी जाऊ?"