अर्झुलाचा गळा

मेम्फिसमधल्या आमच्या चर्चात बावीस वर्षं मुख्य गाणं म्हणायची ती अर्झुला पेटिग्रू. आठवडाभर लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि रविवारी गाणाऱ्यांचा झगा चढवून उभी राहायची. ऑर्गनवर मी, हर्शल. बाई कडक, खोटं अजिबात खपवून घ्यायची नाही. सरावाला उशीर झाला आणि मी बसचं निमित्त सांगितलं, की म्हणायची, "हर्शल, त्या बसला कशाला बदनाम करतोस?"

बहात्तर साली कोपऱ्यावरच्या जुन्या थिएटरात रेकॉर्डिंग चालायचं. तिथे मी चोरून ऑर्गन वाजवत होतो. त्यांना मुख्य गायकामागे साथीला गाणारी बाई हवी होती, म्हणून अर्झुलाला गळ मीच घातली. चर्चातल्या माणसाने नाचाचं गाणं गायलं, की आमच्याकडे झगा काढून घेतात आणि माफी मिळेपर्यंत गाणं बंद. हे माहीत असूनही ती आली.

"माझा आवाज मी कधी बाहेरून ऐकलाच नाही रे," एवढंच म्हणाली.

तबकडीच्या कव्हरवर आमची नावं घालू नका, असं आम्ही बजावून सांगितलं. सोल-फंकच्या असल्या नाचगाण्याच्या तबकड्या वस्तीत फार तर दोनशे खपायच्या. कोणाला कळणार होतं?

कळणार नाही म्हणे! दहा लाख खपल्या हो, दहा लाख! न्हाव्याच्या दुकानात अर्झुला, येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींत अर्झुला, लाँड्रीतल्या रेडिओवरही अर्झुलाच. ओळीच्या शेवटी आवाज चिरत वर नेण्याची तिची खोड अख्ख्या चर्चाला पाठ. नाव झाकलं आणि गळा उघडा ठेवला, असे आम्ही दीडशहाणे. माझ्या ऑर्गनकडे मात्र कोणाचंच लक्ष गेलं नाही.

ईस्टरच्या आदल्या रविवारी पाळक टिडवेल ते कव्हर हातात घेऊनच उभे राहिले.

"अर्झुलाताई, हा आवाज तुमचा?"

"माझाच."

कोणी सांगायच्या आत तिने झग्याची बटणं सोडली. मग पाळकांनी विचारलं, "तुम्हाला तिथे नेलं कोणी? आपल्यातलं आणखी कोण होतं?"

आता मेलो, म्हटलं. ही बाई खोटं बोलणं शक्यच नाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कोणी नाही. एकटीच गेले होते."

अर्झुला खोटं बोलली! भर चर्चात, देवासमोर, आणि तेही माझ्यासारख्या भित्र्यासाठी! मी तेव्हाच उठायला हवं होतं. उठलो नाही. पाळकांनी मान हलवून खूण केली आणि मी वाजवायला लागलो. ती सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली, ओठ मिटून.

माफी मिळायला तीन वर्षं लागली. तोवर तिचा गळा गेला होता. त्या तीन वर्षांत ऑर्गनवरचा एकही रविवार मी चुकवला नाही.