धाडची मौनसभा

बोलक्या माणसांत राहिलं की निम्मं विसरायला होतं. गप्प बसणाऱ्यांत नोकरी करा, किस्से साठतच जातात! महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, तेव्हा मी धाड गावाजवळच्या एका छोट्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा. त्यांच्यात पाद्री नाही, गाणं नाही. मिळून गप्प बसायचं, हीच प्रार्थना. नर्स एडिथबाई विलायतेच्या, पण मराठी शिकल्या धाडच्या बाजारात. वर्षातून एक दिवस त्या सगळ्या गावाला शांततेच्या आणि समेटाच्या प्रार्थनेला बोलावत.

पहिल्या वर्षी गाव टाळ घेऊनच आलं. सगळे तासभर गप्प. मग बाईंनी शेजारणीशी हात मिळवला. सखाराम म्हातारा कुजबुजला, "बाई, सुरू कधी होते?"

"संपली की!"

"आँ? मंग आमी काय केलं?"

"लय चांगलं केलं!" बाई म्हणाल्या.

* * *

नियम एकच. आतून उमाळा आला, तरच उठून बोलायचं. दुसऱ्या वर्षी गंगूबाईला उमाळा आला.

"माही काळी कोंबडी ज्यानं नेली त्यानं आताच सांगा. म्या माफ केलं त्याले."

गंगूबाईनं थोडी वाट पाहिली.

"नाही सांगत? मंग माफी वापस!"

* * *

रहीमचाचा शिंपी एकही सभा चुकवत नसत. बाईंना फार कौतुक. त्यांनी कारण विचारलं.

"बाई, घरात लेकरंच लेकरं. घंटाभर कोणी बोलत नाही, अशी जागा जिल्ह्यात दुसरी दाखवा!"

पुढच्या वर्षी चाचींनाही हे कळलं. त्याही आल्या, आणि चाचांपासून शक्य तितक्या लांब बसल्या.

* * *

सीमेवर लढाई पेटली, तेव्हा बाईंनी एक जादा सभा बोलावली. गोऱ्या बाईच्या त्या सभेवर नजर ठेवायला एक पोलीस जमादार आला. तासभर कान टवकारून बसला. शेवटी मला बाजूला घेतलं.

"काय बोलले बे हे लोक?"

"काहीच नाही, साहेब."

"एवढी माणसं आन् काहीच नाही? हेच तं संशयाचं हाय!"

* * *

त्याच लढाईनं दवाखान्यातही फूट पाडली. आमच्या डॉक्टरांना फौजेत जाऊन जखमींवर उपचार करायचे होते. ते स्वतः क्वेकर. बाईंचं म्हणणं, क्वेकर युद्धात पडत नाहीत, आपल्या माणसानं वर्दी घालायची नाही. डॉक्टर म्हणाले, "माणसं मरतायत, आणि तुम्ही कपडे बघताय!" त्या दिवसापासून बोलणं बंद. एकाच टेबलाशी उभ्या राहून बाई मला म्हणत, "डॉक्टरांना सांगा, सुया उकळल्या."

थोड्याच दिवसांत प्रार्थनेचा दिवस आला. दोघं सतरंजीच्या दोन टोकांना बसले. बाईंचे डोळे भरून आलेले, डॉक्टरांची मान खाली. गावाला सगळं ठाऊक होतं.

सभेला शेषराव आणि नामदेव हे भाऊही होते. शेताच्या बांधावरून त्यांची अनेक वर्षं बोलचाल नव्हती. अचानक शेषराव उठला.

"नाम्या, तू बाईले आन. मी डॉक्टरले आनतो."

नामदेव निमूट उठला. दोघांनी दोघांना हाताला धरून मधोमध आणलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, मी जाणार आहे."

"जा," बाई म्हणाल्या. "पण परत या." आणि त्यांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला.

सगळी सभा डोळे पुसत होती. बाई भावांकडे वळल्या. "आन् तुमचंही मिटलं! आज बोलले तुमी!"

शेषराव नामदेवाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्यानं बाईंकडे पाहिलं.

"बाई, त्याले सांगा, बांध माहाच हाय."