ड्रिलचा ताप

दाताच्या डॉक्टरांकडे किस्से फार साठतात. पेशंटचं तोंड तासभर उघडं, पण बोलायची सोय नाही! मग घरी जाताना तो सगळं एकदम बोलून जातो. त्यात नव्वदच्या दशकात आमच्या सांगलीच्या डेंटल कॉलेजात जो प्रयोग चालला होता, त्यानं तर पोतंभर किस्से दिले.

जबड्यात स्क्रू बसवायला हाडात ड्रिलनं भोक पाडतात. हाड फार तापलं तर मरतं आणि स्क्रू सैल होतो. म्हणून ड्रिलच्या टोकाशी केसाएवढी काचेची तार बसवायची, तिच्यातून उजेड सोडायचा आणि परत आलेल्या उजेडावरून टोक किती तापलंय ते मशीनवर आकड्यात वाचायचं. हाडाची बाजू माझी, तार सुहास कांबळेची. तो इंजिनिअरिंगला शिकवायचा. आणि दोघांच्या डोक्यावर आमचे पाटणकर सर!

*

प्रयोगाला बोकडाचे जबडे लागायचे. आमच्या गावचा, साताऱ्याचा खाटीक ते फुकट द्यायचा. एकदा एसटीत कंडक्टरनं पिशवीकडं बोट दाखवलं.

"काय हाय ह्यात, ताई?"

"बोकडाचं तोंड."

त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. "बाकीचा बोकड कुठाय?"

"तो नाही आला."

"मग ऱ्हाऊ दे. नुसत्या तोंडाला तिकीट न्हाई!"

*

एकदा सर शिंकले आणि तार उडाली. एवढीशी तार, तीही पारदर्शक! सर, सुहास, मी, तिघंही गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपत होतो. तेवढ्यात पलूसचे एक आजोबा दार उघडून आत आले. क्षणभर बघत राहिले. मग धोतर सावरून तेही खाली बसले.

"कुणाचा दात पडलाय, आवं? सांगा की, मी बी हुडकतो!"

*

बाहेरचा उजेड शिरला की आकडे उड्या मारायचे. सरांनी पडदे लावले, फटींत कागद कोंबले, तरी समाधान नाही. "काळोख पाहिजे, काळोख!" म्हणून ओरडत होते आणि नेमकी वीज गेली. पंखा बंद, मशीन बंद, सगळं ठप्प.

अंधारातून सरांचा खूश आवाज आला, "वा! अस्साच! हं सुहास, आता घे रीडिंग!"

*

शेवटी पहिला खरा पेशंट आला. रहिमतपूरचे निवृत्त सुभेदार. पुण्याहून परीक्षक आले होते. त्यांना पटलं तर काम पुढं जाणार, नाहीतर सुहासची दोन वर्षं पाण्यात. सरांनी सुभेदारांना बजावलं, "तोंड उघडं ठेवायचं. मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

तार हिरडीला टेकली. आकडा आला एकोणचाळीस अंश सेल्सिअस.

"ड्रिल सुरूसुद्धा नाही आणि एकोणचाळीस?" परीक्षक म्हणाले. "माणसाचं तोंड सदतीसच्या आसपास असतं. तुमचं यंत्र खोटं बोलतंय!"

सुहासनं तार बदलली. एकोणचाळीस. दुसरं मशीन जोडलं. एकोणचाळीस! परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. सर माझ्याकडं असे बघायला लागले, की जणू मीच फुंकर घालून तार तापवली!

तेवढ्यात सुभेदारांनी ताठ हात वर केला.

"काय पाहिजे?" सर खेकसले. "बोला!"

सुभेदारांनी तोंडातला कापूस काढला.

"ताप हाय साहेब, कालपासनं. पर तुमीच म्हणालासा, बोलायचं न्हाई!"