शैलाताई आणि न उघडणाऱ्या खिडक्या

विमलताईंचा फोन आला तेव्हा मी हदगावच्या मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर होतो. सौर पॅनलची एक वायर उंदरांनी कुरतडली होती, ती बघायला गेलो होतो. विमलताई रडत नव्हत्या. "हमीदभाई, ताई गेली," एवढंच म्हणाल्या. मग त्या म्हणाल्या, "लाईट गेली होती हो... लई वेळ आलीच न्हाई." वास्तुविशारद शैलजा बिराजदार, विमलताईंची बहीण आणि आम्हा सगळ्यांच्या शैलाताई, त्या दुपारी गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे. मी विजेच्या कामाचा इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे दाखला खोटा आहे असं म्हणणार नाही. पण त्या खोलीत त्या दुपारी काय झालं असेल ते मला कळतं, आणि ती खोली तशी कुणी केली तेही ठाऊक आहे. हा लेख मी शोक म्हणून लिहायला बसलो होतो. आता वाचून बघतो तर यात शोक थोडा आणि राग जास्त आहे. राहू दे तसाच.

आदल्याच दिवशी मी त्यांना भेटलो होतो. एका शाळेचं काम बघायला गेलेल्या असताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं, आणि जवळचं मोठं रुग्णालय म्हणजे ज्या नव्या सरकारी इमारतीविरुद्ध त्यांनी अर्ज केले होते तीच होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांचा पलंग पश्चिमेच्या बाजूला होता आणि ती सगळी बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची. नर्सबाईंनी काचेवर चादर बांधली होती, तरी ऊन आत येतच होतं. "काचेला हात लावून बघा," शैलाताई मला म्हणाल्या. मी हात लावला आणि लगेच मागे घेतला. त्या हसल्या. "सिस्टरला म्हणले, खिडकी उघडा. ती म्हणली, मॅडम, ही उघडायची न्हाई, नुसती बघायची हाय." मग जरा दम घेऊन म्हणाल्या, "इतकी वर्षं अर्ज केले. आता मी पेशंट हाय, आता तरी तक्रार घेतील का हो?" त्यांना दुसरीकडे हलवायची परवानगी डॉक्टर देत नव्हते. मी पाण्याची बाटली भरून ठेवली आणि उद्या येतो म्हणून निघालो...

शैलाताई मूळच्या निलंग्याकडच्या. लातूरच्या भूकंपात त्यांचं घर पडलं आणि धाकटा भाऊ दगडांच्या भिंतीखाली गेला. त्या तेव्हा शाळकरी होत्या. नंतर सगळ्या भागात लोक दगडमातीला घाबरले, ते साहजिकच होतं. सिमेंटच्या खोल्या आल्या, पत्रे आले, वर उघडा स्लॅब आला. शैलाताईंच्या घरच्यांनाही तशीच खोली मिळाली. त्या सांगायच्या, "पडायची भीती गेली, पण उन्हाळ्यात आई दुपारभर झाडाखाली बसायची. घरात बसवत नव्हतं. मी म्हणायचे, न पडणारं आणि न तापणारं, दोन्ही घर एकच का असू नये?" याच प्रश्नावर त्या वास्तुविशारद झाल्या. पुण्यात चांगली नोकरी होती, ती सोडून लातूरला आल्या आणि बहीण विमलताईंबरोबर राहू लागल्या. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं की म्हणायच्या, "वेळ कुठं हाय? गावागावात स्लॅब तापून राहिलेत."

आमची ओळख हदगावच्या त्या वसतिगृहामुळे झाली. नांदेडच्या आमच्या घरात तीन पिढ्या विजेच्या सामानाचं दुकान, मी शिकून पुढे सल्लागार झालो. मला वाटलं होतं, बाई पंखे किती, दिवे किती एवढं विचारतील. त्यांनी मला आधी दुपारी तिथल्या जुन्या खोलीत बसवलं, एकही पंखा न लावता. मी घामाघूम झालो. "आता सांगा," त्या म्हणाल्या, "पंखे वाढवायचे की भिंत सुधारायची?" नव्या इमारतीत त्यांनी विटा उभ्या मांडून भिंतीच्या पोटात हवेची पोकळी ठेवली, पश्चिमेला रुंद व्हरांडा काढला, स्लॅबवर पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवले. भूकंपासाठी लागणारं लोखंड कुठेही कमी केलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिथल्या वॉर्डन मीराबाई म्हणाल्या, "मॅडम, पोरी आता दुपारी अभ्यास करायल्यात. आधी नुसत्या डोक्यावर पाणी मारत बसायच्या." शैलाताईंना एवढं खूश झालेलं मी नंतर कधी पाहिलं नाही. अर्धापूरच्या केळीवाल्यांपासून माहूरच्या आश्रमशाळेपर्यंत लोक ते वसतिगृह बघायला यायला लागले.

एकेक इमारत करून भागणार नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. सरकारी इमारतींसाठी ऊर्जा बचतीचे नियम आहेत, हरित इमारतींना गुणांकनाचे तारे आहेत, सन्मान आहेत. पण कागदावर व्हरांडा असतो आणि बांधताना तो गळतो, त्याजागी काच येते, कारण काच फोटोत चांगली दिसते. मग छतावर चार पॅनल बसवले की इमारत हरित. म्हणून त्यांनी दोन साध्या मागण्या लावून धरल्या. भिंती आणि छतातून किती उष्णता आत येईल याचा हिशेब जोडल्याशिवाय मराठवाड्यात सरकारी इमारतीला मंजुरी नको. आणि मंजूर नकाशा बदलला तर तो हिशेब पुन्हा तपासल्याशिवाय काम पुढे जाऊ नये. कितीदा तरी त्या एसटीनं मुंबईला गेल्या, मंत्रालयात बाकावर बसल्या, डबा खाल्ला, परत आल्या. शेवटी एक समिती नेमली गेली आणि त्यांना त्यात घेतलं. समितीचे प्रमुख एक मोठे अधिकारी होते. त्यांचं नाव मला माहीत आहे, त्यांच्या घरचा पत्ताही माहीत आहे. पण शैलाताईंच्या लेखात त्यांचं नाव छापून यावं, एवढी त्यांची लायकी नाही. आपण त्यांना साहेब म्हणू.

लातूरला जाहीर सुनावणी झाली. पहिली मागणी मान्य झाली. दुसरीची वेळ आली तेव्हा साहेब माईक घेऊन सभागृहाकडे वळले. "मॅडमना पुन्हा जुनी घरं पाहिजेत," ते म्हणाले. "त्या जुन्या घरांनी काय केलं, ते लातूरकरांना मी सांगायला पाहिजे का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शैलाताई उभ्या राहिल्या. "माझा भाऊ त्याच घरात गेला, साहेब," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी भिंती शिकले." पण आवाज बसला होता, माईक साहेबांच्या हातात होता, पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. दुसरी मागणी त्या दिवशी वगळली गेली. मी त्यांना गाडीतून घरी सोडायला निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं, हमीदभाई. भावाचं मीच सांगितलं होतं त्यांना, सकाळी चहा पिताना." मी गाडी बाजूला घेतली. मला त्या क्षणी मागे फिरून त्या माणसाची कॉलर धरायची होती. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी गाडी पुन्हा सुरू केली.

ते रुग्णालय त्यानंतरचं. मंजूर नकाशात पश्चिमेला व्हरांडा होता, उघडणाऱ्या खिडक्या होत्या. बांधताना दोन्ही गेलं. फेरतपासणीची अट नव्हतीच, त्यामुळे कुणी काही तपासलं नाही. शैलाताईंनी अर्ज केले, माहितीच्या अधिकारात कागद मागवले, वर्तमानपत्रांत लिहिलं. साहेबांनी त्याच इमारतीसाठी हरित इमारतीचा सन्मान घेतला. निवृत्त झाल्यावर हरित धोरणाच्या नव्या समितीवर सल्लागार म्हणून त्यांचं नाव आलं. आणि जिला त्यांनी भर सभेत रडवेलं केलं, ती बाई त्यांच्या काचेच्या मागे गेली. लाईट गेली, जनरेटर फक्त शस्त्रक्रियेच्या खोल्यांना होता, वॉर्डातला एसी बंद पडला आणि उघडायला एकही खिडकी नव्हती. विमलताई ओला टॉवेल त्यांच्या कपाळावर ठेवत होत्या. टॉवेल वाळत होता.

शोकसभा आमच्या इंजिनिअर संघटनेनं घ्यायची ठरली आणि मी तिचा सचिव. साहेबांचाच फोन आला. "हमीद, मॅडमविषयी मला बोललंच पाहिजे. सभा आमच्या रुग्णालयाच्या सभागृहात घ्या, उत्तम हॉल आहे." मी म्हणालो, "हाव साहेब, तिथंच घेऊ." सभागृह वॉर्डाच्या बरोबर वर, पश्चिमेलाच. मी भर उन्हाळ्यातली दुपारची वेळ ठेवली आणि रुग्णालयाच्या प्रमुखांना सांगून एसी बंद ठेवला. बाकी सगळ्यांना आधी कळवलं होतं. माणसं पाण्याच्या बाटल्या आणि ओले गमछे घेऊन आली, म्हाताऱ्यांना आम्ही बाहेर सावलीच्या जिन्यात बसवलं. साहेब कोट घालून आले. "एसीचं काय?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, "इमारत हरित हाय ना साहेब. तुम्हीच सन्मान घेतलाय."

ते बोलायला उभे राहिले. दूरदृष्टी, पर्यावरण, मॅडमचं योगदान. थोड्याच वेळात कोट काढला, मग रुमाल काढला. "जरा खिडकी उघडा कुणीतरी," ते म्हणाले. कुणी हललं नाही. मीराबाई मागून म्हणाल्या, "उघडत न्हाई ती." साहेब भाषण अर्धवट टाकून दाराकडे निघाले तेव्हा विमलताई उभ्या राहिल्या. आवाज अगदी साधा. "बसा साहेब. माझी बहीण खालच्या मजल्यावर होती. तिला उठून जाता येत नव्हतं." साहेब बसले. मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला, माणुसकी म्हणून नव्हे, बोलता यावं म्हणून. मग माईक त्यांच्यासमोर धरला. "साहेब, नकाशातला व्हरांडा कुणी काढून टाकला?"

"ठेकेदारानं बदल सुचवला होता."

"मंजुरीची सही कुणाची?"

त्यांनी सभागृहाकडे पाहिलं. त्या सुनावणीत टाळ्या वाजवणारे काही लोक तिथे बसलेले होते, घाम पुसत. "माझी," ते म्हणाले. माईक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. नव्या समितीतून त्यांचं नाव गेलं. त्या वॉर्डाच्या काचा काढून तिथे उघडणाऱ्या खिडक्या बसवायचं काम सुरू झालं आहे, मी जाऊन पाहून आलो. दुसऱ्या मागणीचा अर्ज आम्ही पुन्हा केला आहे. काही मित्र म्हणाले, हमीद, मेलेल्या माणसाच्या सभेत असं करायला नको होतं, म्हाताऱ्या माणसाला असं बसवून ठेवायला नको होतं. मी ऐकून घेतलं. मला त्याबद्दल एका क्षणाचंही वाईट वाटलेलं नाही. वाईट एवढंच वाटतं की ते संध्याकाळी आपल्या घरी गेले, आंघोळ केली असेल, झोपले असतील.

परवा लातूरला गेलो होतो. शैलाताईंची कामाची खोली विमलताईंनी आहे तशी ठेवली आहे. टेबलावर पट्ट्या, पेन्सिलींचा डबा, पाठीमागे उसवलेली त्यांची खुर्ची. दुपार झाली तशा विमलताई उठल्या, पश्चिमेची लाकडी झडप ओढून घेतली आणि उत्तरेची खिडकी उघडली. ताई रोज हेच करायच्या, म्हणाल्या, आता माझ्या हातून आपोआप होतं. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा जरा हमीदभाई. इथं गार हाय."

खरंच गार होतं. मी बसलो, पाणी प्यालो. मग पिशवी उचलली. साहेबांच्या चौकशीची मागणी केली आहे, तिची तारीख दुसऱ्या दिवशी होती आणि नांदेडची बस निघायची वेळ झाली होती. विमलताई म्हणाल्या, "आता शांत व्हा की." मी म्हणालो, "न्हाई ताई. एवढ्यात न्हाई."