शंकासुर आणि तिसरं कॉलेज

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कंपनीत सगळे शंकासुर म्हणत आणि तो ते मनावर घेत नसे. उलट थोडा खूशच होई. या धंद्यात भाबड्या माणसाचं काम नाही, असं त्याचं ठाम मत होतं. दुसऱ्याने आवळलेला बोल्ट तो पुन्हा पाना लावून बघायचा. लिफ्ट दुरुस्त झाली असं कोणी म्हटलं, तर आधी ती रिकामीच वरखाली फिरवायचा, मग स्वतः चढायचा आणि मगच लोकांना चढू द्यायचा. घरीही तीच तऱ्हा. बायकोने गॅस बंद केलाय म्हणून सांगितलं तरी हा उठून बघून येणार. ती औषधांच्या दुकानात काम करायची, डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचायची सवय तिलाही होती. पण ती म्हणायची, "मी चिठ्ठीवर संशय घेते. तुम्ही माणसावर घेता."

आता खरं सांगायचं तर हा स्वभाव काही जन्मापासूनचा नव्हता. निम्मा तरी त्याला कॉलेजांनी लावला होता. तरुणपणी तो नोकरी सांभाळून इंजिनिअरिंगच्या डिग्रीला बसला. अर्धी वाट संपते न संपते तोच कंपनीने बदली केली. नव्या शहरातल्या कॉलेजच्या साहेबांनी त्याच्या मार्कशीट चिमटीत धरल्या आणि सांगितलं, "तुमचं गणित वेगळं, आमचं वेगळं." दोन आणि दोन तिथेही चारच होत होते, पण ऐकतो कोण? मुकाट्याने त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेच गणित, तीच यंत्रं, पुस्तकाचं कव्हर तेवढं निराळं. तिथे तो पहिल्या कॉलेजच्याही पुढे गेला, आणि शेवटचं वर्ष उरलं असताना पुन्हा बदली झाली. तिसऱ्या शहरातल्या कॉलेजवरून तो रोज कामाला जायचा, पण मान वळवून कधी बघायचा नाही.

यंदा मात्र बघावं लागलं. कंपनीचा इन्स्पेक्टर निवृत्त होणार होता. त्या खुर्चीवरच्या माणसाने लिफ्ट तपासायची आणि सही करायची, शिड्या चढायला दुसरे असतात. शंकासुराचे गुडघे आता प्रत्येक शिडीला बोलायला लागले होते. मॅनेजर म्हणाला, "डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला ॲडमिशन आहे एवढं दाखव, खुर्ची तुझी. फक्त तो जायच्या आत दाखव."

आणि नेमका त्याच वर्षी राज्यात नवा नियम आला होता. सगळ्या कॉलेजांत एका विषयाला एकच नंबर. एकीकडे पास झालेला विषय, कितीही जुना असो, दुसरीकडे जसाच्या तसा धरायचा, क्रेडिट कुठेही न्यायचे. बायकोने त्याला ही बातमी जेवताना वाचून दाखवली. हा म्हणाला, "एवढं सोपं असतं होय? कुठेतरी पाणी मुरतंय."

तरी त्या तिसऱ्या कॉलेजात गेला. खिडकीमागे एक तरतरीत मुलगी बसली होती. तिने त्याच्या विषयांचे नंबर कॉम्प्युटरवर बघितले आणि हसून म्हणाली, "सगळे चालतील, काका."

"सगळे?"

"सगळे."

"गणितसुद्धा?"

"गणितसुद्धा. थेट शेवटच्या वर्षाला बसाल."

ती नाही म्हणाली असती तर त्याला ओळखीचं तरी वाटलं असतं. ही हसते काय, काका म्हणते काय! उद्या सगळे कागद हातात आले की एखादी खोट काढतील आणि सगळंच बाद करतील. त्याने शिपायाला विचारलं, झेरॉक्सवाल्याला विचारलं. दोघेही म्हणाले, होतंय म्हणे. त्या 'म्हणे'वर तो अडला.

मग त्याने आपल्या धंद्याची अक्कल चालवली. माणसं नंतर, आधी रिकामी लिफ्ट. सगळ्यांत कमी महत्त्वाचा विषय, ड्रॉइंग, तेवढा एकच पुढे करायचा. तो नीट पोचला तर बाकीचे. बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, द्या की सगळे एकदाचे!"

"एक जाऊ दे. मग बघू."

खिडकीतली मुलगीही चकित झाली. "एकच? काका, अर्ज एकदाच करता येतो हं."

हे वाक्य शंकासुराने दुकानांतून पुष्कळ ऐकलं होतं. आजच घ्या, उद्या मिळणार नाही. तो मनात म्हणाला, आली का मूळ पदावर! आणि ड्रॉइंग तेवढं देऊन बाहेर पडला.

ड्रॉइंग लगेच मंजूर झालं. शंकासुर हरखला, बाकीचे कागद घेऊन धावतच खिडकीशी गेला. मुलगी आता हसत नव्हती. "अर्ज बंद झाला, काका. मी म्हटलं होतं. आता समितीपुढे जावं लागेल."

समितीत तीन प्राध्यापक होते. मधल्याने कागद उलटेसुलटे केले आणि चष्म्यावरून बघितलं. "इतक्या विषयांत पास आहात, मग एकच का दिलात? बाकीच्यांत काही गडबड आहे का?"

आयुष्यभर शंकासुराने दुसऱ्यांकडे जसं बघितलं, तसं आज कोणीतरी त्याच्याकडे बघत होतं. "गडबड कागदांत नाही, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं मला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे उत्तर त्यांना भलतंच संशयास्पद वाटलं. कागद खरे आहेत का, अशी विचारणा त्यांनी दोन्ही जुन्या कॉलेजांकडे केली, आणि जुनी कॉलेजं काही कोणाच्या खुर्चीसाठी धावत नाहीत. दरम्यान इन्स्पेक्टरला निरोप दिला गेला, चहा झाला, भाषणं झाली. खुर्चीवर बाहेरून आणलेला एक माणूस बसला. मॅनेजर म्हणाला, "मी थांबलो रे, पण किती थांबणार?"

त्यानंतर कॉलेजचा निरोप आला. सगळे विषय मंजूर, गणितसुद्धा. शेवटच्या वर्षाला ॲडमिशन पक्की.

संध्याकाळी तो गुडघ्यांना मलम चोळत बसला होता. बायकोने निरोप वाचला आणि फोन बाजूला ठेवला. मी सांगितलं होतं, असं ती म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती त्याच्या हातातलं मलम घेऊन खाली बसली आणि दुसरा गुडघा चोळायला लागली. इतकी वर्षं त्याच्याकडे राग काढायला बदल्या होत्या, कॉलेजं होती. या खेपेचा राग कोणावर काढायचा, ते त्याला सुचेना.

"त्या पोरीने मला खरं सांगितलं होतं गं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी."